श्रवणाचा व्यासंग : ‘यो ला टेंगो’ आणि अमेरिकन इंडी रॉक

न्यू जर्सी राज्यातील होबोकेन या छोट्या शहरात १९८४ मध्ये सुरू झालेला ‘यो ला टेंगो’ हा बँड अमेरिकन इंडी रॉकच्या इतिहासात एका वेगळ्याच कारणासाठी अभ्यसनीय ठरतो. घरोघरी पोहोचलेले एकही गाणे नावावर नसताना, आणि फाटाफूट व पुनर्मीलन यांचे नाट्य वाट्याला आलेले नसताना, इरा कॅपलन, जॉर्जिया हबली आणि जेम्स मॅकन्यू या तिघांनी तीन दशकांहून अधिक काळ एकत्र राहून जे संगीत निर्माण केले, त्याची ख्याती एखाद्या लाटेबरोबर वर चढली नाही आणि त्या लाटेबरोबर ओसरलीही नाही. रॉकचा इतिहास बहुधा उदय, शिखर आणि अस्त अशा तीन अंकांत सांगितला जातो. या बँडची कारकीर्द त्या साच्यात बसत नाही. तिचे मर्म समजून घ्यायचे तर हे तिघेही आधी श्रोते आहेत आणि मग वादक आहेत, ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. त्यांच्या गाण्यांची बांधणी, इतरांच्या रचनांशी असलेला त्यांचा व्यवहार, मैफली आखण्याची त्यांची पद्धत आणि त्यांचे दीर्घायुष्य या सर्वांचे मूळ श्रवणाच्या व्यासंगात आहे, हे प्रस्तुत विवेचनाचे प्रमुख सूत्र आहे.

ज्या परिसरात हा बँड घडला, त्याची ओळख प्रथम करून घेणे आवश्यक आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेतील ध्वनिमुद्रिकांचा बहुतांश व्यापार हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या बड्या कंपन्यांच्या ताब्यात होता. मोठ्या नभोवाणी केंद्रांपर्यंत, दुकानांच्या साखळ्यांपर्यंत आणि दूरचित्रवाणीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्यांच्याच दारातून जात असे. या व्यवस्थेबाहेर राहून स्वतःच्या खर्चाने ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या लहान कंपन्यांना ‘इंडिपेंडंट’, म्हणजे स्वतंत्र, असे म्हटले जाई, आणि त्यांच्याकडून प्रसिद्ध होणाऱ्या रॉक संगीताला कालांतराने ‘इंडी रॉक’ हे नाव रूढ झाले. विद्यार्थी चालवीत असलेली महाविद्यालयीन नभोवाणी केंद्रे, हौशी मंडळींची छोटेखानी नियतकालिके, दोन-तीनशे माणसे मावतील एवढ्या जागांतील मैफली आणि जाणकार विक्रेत्यांची दुकाने या चार खांबांवर ही समांतर व्यवस्था उभी होती. तिच्यातून पुढे आलेले अनेक बँड बड्या कंपन्यांकडे गेले : हुस्कर डू १९८६ मध्ये आणि आर. ई. एम. १९८८ मध्ये वॉर्नरकडे गेले, तर सॉनिक यूथने १९९० मध्ये गेफन समूहातील डीजीसी कंपनीशी करार केला. त्याच डीजीसीने सप्टेंबर १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘निर्वाणा’ या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम जानेवारी १९९२ मध्ये बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला, तेव्हा कालपर्यंत तळघरांत वाजणाऱ्या संगीतामागे पैशाच्या थैल्या घेऊन धावणाऱ्यांची रीघ लागली. यो ला टेंगो आपला सूर नेमका याच काळात शोधत होता आणि तो सापडल्यावरही त्याने आपला आवाका स्वतःच्या हिशेबानेच वाढू दिला, म्हणून त्याच्या वाटचालीकडे या पार्श्वभूमीवर पाहणे उद्बोधक ठरते.

होबोकेन हे जेमतेम एका चौरस मैलाचे शहर हडसन नदीच्या पश्चिम तीरावर, मॅनहॅटनच्या अगदी समोर वसलेले आहे. फ्रँक सिनात्रा यांचे हे जन्मगाव. गोदी कामगारांच्या जीवनावरील ‘ऑन द वॉटरफ्रंट’ या १९५४ च्या चित्रपटाचे चित्रीकरणही येथेच झाले. गोदीचा व्यवसाय मंदावल्यावर येथील घरभाडी न्यूयॉर्कच्या मानाने कमी राहिली आणि नदीखालून जाणाऱ्या रेल्वेने काही मिनिटांत मॅनहॅटन गाठता येत असल्यामुळे चित्रकार, लेखक आणि वादक येथे राहावयास येऊ लागले. वॉशिंग्टन स्ट्रीट आणि अकरावा रस्ता यांच्या कोपऱ्यावरील ‘मॅक्सवेल्स’ या उपाहारगृहाच्या मागील खोलीत १९७८ पासून स्टीव्ह फॅलन यांनी मैफली सुरू केल्या. सुमारे दोनशे श्रोत्यांची ती खोली न्यू जर्सीतील ‘द फीलीज’सारख्या बँडचे माहेरघर बनली आणि अमेरिकेच्या दौऱ्यावर निघालेल्या कित्येक नवख्या बँडचा हमखास मुक्काम ठरली. कॅपलन तेथे ध्वनिव्यवस्था सांभाळीत असत. श्रोत्यांच्या रांगांमागे उभे राहून, कोणाचा आवाज दबतो आहे आणि कोणते वाद्य दुसऱ्याच्या अंगावर येते आहे, हे रोज पारखण्याचे ते काम होते. अशा कामातून कमावलेला कान पुढे त्यांच्या स्वतःच्या संगीताला किती उपयोगी पडला, हे त्यांच्या अल्बममधील वाद्यांच्या नेमक्या मांडणीवरून लक्षात येते.

कॅपलन यांची दुसरी ओळख संगीतसमीक्षकाची आहे. ‘न्यूयॉर्क रॉकर’सारख्या नियतकालिकांतून त्यांनी समकालीन रॉकवर लेखन केले होते. जॉर्जिया हबली यांचा वारसा मात्र चित्रकलेचा आणि सचेतनपटाचा. त्यांचे आईवडील फेथ आणि जॉन हबली हे अमेरिकन सचेतनपटातील अग्रगण्य कलावंत. त्यांच्या ‘मूनबर्ड’ आणि ‘द होल’ या लघुपटांना ऑस्कर पुरस्कार मिळाले होते. मुलांच्या खेळातील उत्स्फूर्त बोलणे ध्वनिमुद्रित करून त्यावर चित्रे रचण्याची या दांपत्याची खास पद्धत होती, आणि ‘विंडी डे’ व ‘कॉकाबूडी’ या लघुपटांत बालवयातील जॉर्जिया आणि त्यांची बहीण एमिली यांचेच आवाज ऐकू येतात. सहज निघालेल्या, न घासलेल्या आवाजातही कलेचे मोल असते, हा संस्कार त्यांना घरातूनच मिळाला असे म्हटल्यास वावगे ठरू नये. त्यांच्या अनलंकृत, काहीशा अलिप्त गायनात तो आजही जाणवतो. कॅपलन आणि हबली यांनी विवाह केला, आणि बँडच्या केंद्रस्थानी एक संसार आहे ही वस्तुस्थिती पुढे त्यांच्या गीतांच्या आशयाला आकार देत गेली.

साथीदार शोधण्यासाठी या दोघांनी जी जाहिरात दिली, तीत वादनकौशल्याच्या अटींऐवजी आवडीनिवडी नमूद केल्या होत्या : सॉफ्ट बॉईज, मिशन ऑफ बर्मा आणि आर्थर ली यांचा ‘लव्ह’ हे बँड ज्यांना प्रिय असतील, अशा वादकांना तीत आवाहन होते. बँडचे नावही अशाच एका छंदातून, बेसबॉलच्या वेडातून, आले. १९६२ च्या हंगामात तब्बल १२० सामने हरलेल्या न्यूयॉर्क मेट्स संघातील झेलाच्या गोंधळाविषयी एक प्रसिद्ध किस्सा सांगितला जातो. त्यातील खेळाडूची स्पॅनिश आरोळी बँडने आपले नाव म्हणून उचलली. १९८५ मध्ये निघालेल्या पहिल्या छोट्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूला स्वतःचे गाणे आणि दुसऱ्या बाजूला ‘लव्ह’ या बँडची रचना होती. म्हणजे पहिल्याच पावलाला स्वतःची निर्मिती आणि दुसऱ्याच्या निर्मितीला दिलेली दाद एकाच तबकडीच्या दोन बाजूंना नांदत होत्या.

१९८६ ते १९९२ हा पहिला कालखंड धडपडीचा आहे. ‘राइड द टायगर’ (१९८६) या पहिल्या अल्बमची निर्मिती मिशन ऑफ बर्माचे क्लिंट कॉनली यांनी केली. त्यावरील प्रमुख गिटारवादक डेव्ह श्रॅम हे लवकरच बाहेर पडले आणि कॅपलन यांना ती जबाबदारी स्वतःच्या अंगावर घ्यावी लागली. बेस गिटारवादकांची तर सतत ये-जा चालू होती. ‘न्यू वेव्ह हॉट डॉग्ज’ (१९८७) आणि ‘प्रेसिडेंट यो ला टेंगो’ (१९८९) या अल्बमांत कॅपलन यांची गिटार घोटीव सफाई बाजूला ठेवून फीडबॅककडे वळताना दिसते. विद्युत गिटारचा आवाज ध्वनिक्षेपकातून बाहेर पडून पुन्हा त्याच गिटारच्या तारांवर आणि पिकअपवर आदळतो तेव्हा एक स्वयंचलित, वाढत जाणारा नाद निर्माण होतो, त्याला फीडबॅक म्हणतात. ध्वनियंत्रणेत तो एरवी दोष मानला जातो, परंतु ध्वनिक्षेपकापासूनचे अंतर आणि गिटारचा कोन बदलून त्याला वळण देता येते. दुसऱ्या अल्बमनंतरच्या या टप्प्यावरच त्यांची आणखी एक सवय प्रकट झाली : ‘प्रेसिडेंट’वर एकच गाणे दोन संपूर्ण भिन्न रूपांत समाविष्ट केलेले आहे.

या कालखंडातील सर्वांत महत्त्वाची कृती म्हणजे ‘फेकबुक’ (१९९०). जॅझवादकांना ऐन वेळी कोणतेही गाणे वाजवता यावे म्हणून चाली आणि स्वरसंगती संक्षेपाने उतरवून ठेवलेल्या वह्यांना अमेरिकेत याच नावाने ओळखले जाते, आणि अल्बममध्येही बहुतांश गाणी परकी आहेत. रॉकमध्ये दुसऱ्याची रचना आपल्या ढंगाने सादर करण्याला ‘कव्हर’ म्हणतात. ‘फेकबुक’वर किंक्स, कॅट स्टीव्हन्स, जॉन केल, जीन क्लार्क आणि टेक्सासमधील गीतकार डॅनियल जॉन्स्टन यांच्या रचना हलक्या ड्रम्सच्या, उभ्या बेसच्या आणि श्रॅम यांच्या गिटारच्या साथीने गायिलेल्या आहेत. कर्कश गिटारसाठी ओळखला जाऊ लागलेला बँड येथे एकाएकी दिवाणखान्यातील मैफलीसारखा गाऊ लागतो, पण या बदलाला केवळ विश्रांती समजणे बरोबर होणार नाही. ज्ञात आणि अज्ञात, लोकप्रिय आणि विस्मृत अशा रचना एका पंक्तीला बसवताना त्यांच्यातील समान धागा ऐकू येईल अशी निवड करणे, हे मूलतः समीक्षकाचे काम आहे, आणि ते येथे लेखणीऐवजी कंठाने केलेले आहे. हबली यांचा आवाज आपल्या संगीताचा कणा होऊ शकतो, हेही या अल्बममुळे बँडला उमगले.

१९९१ च्या सुमारास ‘ख्रिसमस’ या बँडमधून आलेले जेम्स मॅकन्यू यो ला टेंगोत स्थिरावले आणि बेसवादकांची ये-जा कायमची थांबली. ‘मे आय सिंग विथ मी’ (१९९२) या अल्बमवर ते प्रथम ऐकू येतात. परंतु त्यांच्या आगमनाचे खरे फळ ‘पेनफुल’ (१९९३) मध्ये दिसते. मॅटाडोर या न्यूयॉर्कच्या स्वतंत्र कंपनीशी सुरू झालेला संबंध आणि ध्वनिमुद्रणकार रॉजर मूटेनॉट यांच्याशी सुरू झालेले दीर्घ सहकार्य, या दोन्हींचा आरंभ याच अल्बमपासून होतो. मॅकन्यू यांचे वादन कमालीचे संयमी आहे : तीन-चार स्वरांची एक आकृती ते पाच-पाच, दहा-दहा मिनिटे न ढळता वाजवीत राहतात, आणि तो पाया पक्का असल्यामुळेच कॅपलन यांच्या गिटारला त्यावर मनसोक्त भरकटण्याची मुभा मिळते. हबली यांचे ड्रम्सही अलंकरण टाळून त्याच आकृतीला धरून चालतात. गाणे पुढे नेण्याची जबाबदारी चालीपेक्षा आवर्तनावर सोपवण्याची ही पद्धत येथून पुढे त्यांची ओळख बनली.

‘पेनफुल’वरील ‘बिग डे कमिंग’ या गाण्याकडे थोडे जवळून पाहणे उपयुक्त आहे, कारण बँडची संपूर्ण विचारपद्धती त्यात सामावलेली आहे. अल्बमचा प्रारंभ या गाण्याने होतो तेव्हा ते सात मिनिटांचे आहे : ऑर्गनचा एक घुमता, सलग नाद, दूरवर विरघळणारा फीडबॅक आणि जणू शेजारच्या खोलीतून यावा तसा कॅपलन यांचा खालच्या पट्टीतील आवाज. अकरा गाण्यांच्या या अल्बमवर दहाव्या क्रमांकाला तेच गाणे पुन्हा येते, पण आता ते खरखरीत गिटारच्या आणि ठोस ड्रम्सच्या जोरावर धावते आणि जवळजवळ निम्म्या वेळात संपते. शब्दांचा गाभा तोच असताना पहिल्या रूपातील येणारा ‘मोठा दिवस’ ही मनाशी बाळगलेली शंकित आशा वाटते, तर दुसऱ्या रूपात तीच आशा ठाम निर्धार होऊन बाहेर पडते. दोहोंपैकी एक कच्चा आराखडा आणि दुसरी पक्की कृती, असे मानायला अल्बम वाव देत नाही. शांतता आणि कोलाहल ही एकाच भावनेची दोन तापमाने आहेत आणि श्रोत्याने दोन्ही लक्षात ठेवून ऐकावे, अशी त्याची अपेक्षा आहे. या पाठोपाठ येणारी ‘आय हर्ड यू लुकिंग’ ही शब्दविरहित रचना गिटारच्या एका छोट्या चालीभोवती क्रमाक्रमाने भरत जाते आणि या दोन टोकांना एकत्र आणून अल्बमचा समारोप करते.

सलग नादाच्या या वापराला एक वंशपरंपरा आहे आणि तिचा एक धागा भारतापर्यंत पोहोचतो. पार्श्वभूमीला अखंड चालू राहणाऱ्या स्वराला पाश्चात्त्य संगीतात ‘ड्रोन’ म्हणतात; मराठी श्रोत्याला तो तंबोऱ्यामुळे सुपरिचित आहे. अमेरिकन संगीतकार ला माँट यंग यांनी १९५० च्या दशकात अली अकबर खाँ यांची ध्वनिमुद्रिका ऐकली आणि तीतील तंबोऱ्याच्या नादाने ते भारावून गेले. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यांनी दीर्घ, अचल स्वरांवर आधारलेले जे प्रयोग केले, त्यांत व्हायोलावादक जॉन केल सहभागी होते. केल यांनी तो अचल स्वर १९६० च्या दशकातील ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या बँडच्या रॉकमध्ये आणला, आणि व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचा प्रभाव फीलीजवर व यो ला टेंगोवर उघड आहे; १९९६ च्या ‘आय शॉट अँडी वॉरहॉल’ या चित्रपटात तर त्या बँडची आठवण करून देणाऱ्या वादकांच्या भूमिकेत यो ला टेंगोचे सदस्य पडद्यावर दिसतात. या साखळीवरून त्यांचे संगीत भारतीय वळणाचे आहे असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. तंबोऱ्याचा नाद रागाच्या स्वरांना आधारभूत षड्जाची सतत आठवण देतो. येथे ऑर्गनचा किंवा फीडबॅकचा नाद हाच मुळी घटना असतो, आणि त्याच्या पोतात होणारे सूक्ष्म बदल हेच ऐकण्याचे विषय असतात.

‘इलेक्ट्र-ओ-प्युरा’ (१९९५) मध्ये ही पद्धत अधिक आत्मविश्वासाने पुढे गेली. वेष्टनावर गाण्यांची लांबी मुद्दाम खोटी छापून बँडने श्रोत्यांच्या घड्याळाची गंमतही केली. अखेरची ‘ब्लू लाइन स्विंगर’ ही रचना विस्कळीत सुरुवातीपासून हळूहळू एकवटत गेल्यामुळे त्यांच्या मैफलींत आवर्जून ऐकली जाते. यानंतरचा ‘आय कॅन हिअर द हार्ट बीटिंग ॲज वन’ (१९९७) हा सोळा रचनांचा अल्बम त्यांची सर्वाधिक नावाजलेली कृती मानला जातो. बोसा नोव्हाच्या लयीतील गाणे, दहा मिनिटांहून लांब चालणारी ऑर्गनची वादळी रचना, बीच बॉईजच्या गाण्याचे गिटारच्या गुणगुणाटात बुडालेले रूप आणि मॅकन्यू यांच्या उंच, कोवळ्या आवाजातील गीत, अशा परस्परांशी नाते नसलेल्या गोष्टी येथे एकत्र आल्या आहेत, तरीही त्यांचा पसारा वाटत नाही. ‘ऑटम स्वेटर’ हे गाणे याचे उत्तम उदाहरण आहे. गिटारसाठी प्रसिद्ध असलेल्या या बँडने त्यात गिटार पूर्णपणे वगळली आहे. ऑर्गन, बेस, ड्रम्स आणि खुळखुळ्यासारखी तालवाद्ये एवढ्यावरच ते उभे आहे. पाहुण्यांच्या गर्दीत अवघडलेल्या आणि एका व्यक्तीबरोबर तेथून निसटू पाहणाऱ्या माणसाचे मन त्यात व्यक्त होते. ठेका जितका ठाम, तितकाच वरचा आवाज बुजरा, आणि या विसंगतीतूनच गाण्याचा ताण निर्माण होतो.

‘अँड देन नथिंग टर्न्ड इटसेल्फ इनसाइड-आउट’ (२०००) ने अनेक श्रोत्यांना अनपेक्षित धक्का दिला, कारण एका गाण्याचा अपवाद वगळता या ७७ मिनिटांच्या अल्बममध्ये आवाज कोठेही चढत नाही. रॉकमधील प्रेमगीते बहुधा प्रेमाच्या प्रारंभाविषयी किंवा शेवटाविषयी असतात. येथे मात्र मधला दीर्घ काळ गीतांचा विषय झाला आहे. प्रथम भेटीची आठवण काढणारे दांपत्य, किरकोळ भांडणानंतरचा अबोला, समजूत घालताना अपुरे पडणारे शब्द, एकमेकांच्या सवयींची झालेली सवय, असे संसाराचे तपशील कुजबुजीच्या स्वरात येतात. जॉर्ज मॅक्रे यांचे ‘यू कॅन हॅव इट ऑल’ हे १९७० च्या दशकातील नृत्यगीतही येथे हबली यांच्या आवाजात त्याच घरगुती जिव्हाळ्याचा भाग होऊन जाते. ‘नाइट फॉल्स ऑन होबोकेन’ या सतरा मिनिटांहून अधिक लांबीच्या अंतिम रचनेत गीत लवकर संपते आणि उरलेला सर्व वेळ तीन वाद्ये एकमेकांना जागा देत राहतात. ग्रेगरी क्रूडसन यांचे उपनगरी रात्रीचे छायाचित्र मुखपृष्ठावर असणे या अल्बमच्या वातावरणाशी सुसंगतच आहे.

२००० नंतरच्या काळात बँडचे कार्यक्षेत्र अल्बमच्या बाहेर विस्तारले. फ्रेंच शास्त्रज्ञ-चित्रपटकार ज्याँ पेनलव्हे यांच्या सागरी जीवांवरील आठ लघुपटांसाठी त्यांनी रचलेले वाद्यसंगीत पडद्यासमोर प्रत्यक्ष वाजवले गेले आणि २००२ मध्ये ध्वनिमुद्रित स्वरूपात आले. केली रायकार्ट यांच्या ‘ओल्ड जॉय’ आणि फिल मॉरिसन यांच्या ‘जूनबग’ या चित्रपटांनाही त्यांचे संगीत आहे. या कामातून आलेला मोकळेपणा ‘आय ॲम नॉट अफ्रेड ऑफ यू अँड आय विल बीट युवर ॲस’ (२००६) या भांडखोर शीर्षकाच्या अल्बमात आणि ‘पॉप्युलर साँग्ज’ (२००९) मध्ये दिसतो. दोन्ही ठिकाणी छोटी, आखीव गाणी आणि दहा मिनिटांच्या आसपासच्या दीर्घ रचना शेजारीशेजारी आहेत. ‘फेड’ (२०१३) मध्ये मूटेनॉट यांच्याऐवजी शिकागोचे जॉन मॅकएन्टायर निर्माते होते आणि आकार पुन्हा आटोपशीर झाला. ‘स्टफ लाइक दॅट देअर’ (२०१५) मध्ये श्रॅम परतले आणि पंचवीस वर्षांनी ‘फेकबुक’चीच रीत नव्याने अनुसरण्यात आली; यात इतरांच्या रचनांबरोबर बँडने स्वतःच्या जुन्या गाण्यांनाही परक्यांची गाणी असल्याप्रमाणे नव्या रूपात मांडले.

श्रवणाच्या या व्यासंगाला सामाजिक बाजूही आहे. न्यू जर्सीतील डब्ल्यूएफएमयू हे नभोवाणी केंद्र मूळचे अप्साला महाविद्यालयाचे. ते महाविद्यालय १९९५ मध्ये बंद पडले तरी केंद्र जाहिरातींशिवाय, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालू राहिले. १९९६ पासून यो ला टेंगो या केंद्राच्या निधिसंकलनासाठी एक विलक्षण कार्यक्रम करीत आला आहे : देणगीदाराने गाणे सुचवायचे आणि बँडने ते तालीम न करता, जमेल तसे, त्याच क्षणी वाजवायचे. कडवी विसरली जातात, स्वर चुकतात, अंतऱ्याऐवजी भलतेच काही येते. या पडझडीचे संकलन बँडने ‘यो ला टेंगो इज मर्डरिंग द क्लासिक्स’ (२००६) या स्वतःवरच उपहास करणाऱ्या नावाने प्रसिद्ध केले. २००१ मध्ये त्यांनी मॅक्सवेल्समध्ये हनुक्का या ज्यू सणाच्या आठ रात्री आठ मैफलींचा उपक्रम आरंभला. दर रात्री वेगळे पाहुणे बँड, वेगळे विनोदी कलावंत, वेगळी गाणी आणि जमा रकमेतून धर्मादाय संस्थांना साहाय्य, असे त्याचे स्वरूप होते. २०१३ मध्ये मॅक्सवेल्सचे जुने पर्व संपले आणि २०१७ पासून हा उपक्रम मॅनहॅटनमधील बावरी बॉलरूममध्ये सुरू झाला. सलग आठ रात्री कार्यक्रमाची पुनरावृत्ती टाळायची तर शेकडो गाणी कानात आणि हातात असावी लागतात. दुसरीकडे, दौरे, चित्रपटसंगीत आणि एका निष्ठावंत, मध्यम आकाराच्या श्रोतृवर्गाचा पाठिंबा यांमुळे तिघांचा चरितार्थ चालत राहिला. मॅटाडोरने १९९० च्या दशकात ॲटलांटिक आणि नंतर कॅपिटल या बड्या कंपन्यांशी काही काळ भागीदारी केली, परंतु बँडच्या कामाचे प्रमाण त्यामुळे बदलले नाही.

या संगीताच्या मर्यादांकडेही दुर्लक्ष करता येणार नाही. ‘द अनियन’ या उपहासात्मक वृत्तपत्राने २००२ मध्ये, यो ला टेंगोच्या मैफलीतील काल्पनिक दुर्घटनेत ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांतील ३७ विक्रेते मृत्युमुखी पडल्याची भीती व्यक्त करणारी विनोदी बातमी छापली होती. विनोद निर्विष असला तरी त्यातील रोख खरा आहे : संदर्भांनी भरलेले हे संगीत जाणकारांच्या एका लहान वर्तुळासाठीच आहे की काय, अशी शंका घेण्यास जागा आहे. कॅपलन आणि हबली या दोघांच्याही गायनाचा पल्ला बेताचा आहे. शांत गाण्यांची एकसलग मांडणी कधी कधी पार्श्वसंगीतात विरून जाते, आणि ‘समर सन’ (२००३) वर हा आक्षेप पुष्कळांनी घेतला. मात्र जाणकारीचा दर्प हा आरोप त्यांच्या प्रत्यक्ष वर्तनाशी जुळत नाही. ज्यांना आपल्या माहितीचा तोरा मिरवायचा असतो, ते श्रोत्यांच्या फर्माइशीवर, तालमीशिवाय, नभोवाणीवरून सर्वांसमक्ष चुका करण्यास सहसा तयार होत नाहीत. शिवाय मूळ गाणे ठाऊक नसलेल्या श्रोत्यालाही ‘फेकबुक’मधील गाणी आपली वाटतात, यातच संदर्भांचे ओझे बँडने किती हलके केले आहे, ते कळून येते.

अलीकडच्या कृतींनी हा मुद्दा अधिक दृढ केला आहे. ‘देअर्स अ रायट गोइंग ऑन’ (२०१८) हा अल्बम बाहेरच्या निर्मात्याशिवाय, स्वतःच्या तालमीच्या जागेत, मॅकन्यू यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणातून सिद्ध झाला. स्लाय अँड द फॅमिली स्टोन यांच्या १९७१ च्या अल्बमचे शीर्षक त्याने जवळजवळ जसेच्या तसे घेतले आहे, मात्र त्यातील संगीत संथ आणि तरंगते आहे. ‘वी हॅव ॲम्नेशिया समटाइम्स’ (२०२०) मध्ये तिघांनी एकत्र बसून उत्स्फूर्तपणे वाजवलेले निव्वळ वाद्यसंगीत आहे. ‘धिस स्टुपिड वर्ल्ड’ (२०२३) मध्ये गिटारचा कडवटपणा आणि मृत्यूची जाणीव दोन्ही परतले; होबोकेनच्या नदीकाठच्या रस्त्याचे नाव मिरवणारी त्याची पहिलीच रचना, ‘सिनात्रा ड्राइव्ह ब्रेकडाउन’, सात मिनिटे एकाच बेसआकृतीवर चालते आणि वर गिटार आपली वाट चाचपडत राहते. तिशी-चाळिशीतील कलावंतांनी शोधून काढलेली रीत साठीच्या आसपास पोहोचल्यावरही त्यांच्या हाती शिळी झालेली नाही, याचा तो पुरावा आहे.

नव्या श्रोत्याने या बँडकडे कसे वळावे, याचे एकच एक उत्तर नसले तरी ‘आय कॅन हिअर द हार्ट बीटिंग ॲज वन’पासून आरंभ करून मागे ‘पेनफुल’कडे व पुढे ‘अँड देन नथिंग’कडे जाणे आणि मग ‘फेकबुक’ ऐकणे, हा क्रम सोयीचा ठरतो. पहिल्या अल्बमात बँडचा पसारा कळतो, दुसऱ्यात त्याची पद्धत, तिसऱ्यात त्याचा आशय आणि चौथ्यात त्याचे उगमस्थान. या क्रमाने ऐकत गेल्यास, मौलिकता म्हणजे पूर्वसूरींपासून तुटणे, हा रॉकमध्ये रूढ असलेला समज किती अपुरा आहे, हेही लक्षात येते. यो ला टेंगोने आपल्या पूर्वसूरींना लपवले नाही. त्यांची गाणी जाहीरपणे गाऊन, त्यांची उपकरणे उघडपणे वापरून आणि त्यांच्याच वाटांवर पुन्हा पुन्हा चालून तिघांनी स्वतःची अशी एक ओळखू येणारी लय कमावली. इंडी रॉकच्या स्वातंत्र्याचा विचार बहुधा कंपन्यांच्या करारांच्या परिभाषेत केला जातो. या बँडच्या कारकिर्दीने त्यात आणखी एका अर्थाची भर घातली : आपण काय ऐकावे, किती काळ ऐकावे आणि ऐकलेल्याचे काय करावे, हे स्वतः ठरवणे हीसुद्धा स्वातंत्र्याचीच कृती आहे, आणि तीन माणसांनी ती चिकाटीने चालू ठेवली तर तिच्यातून एक संपूर्ण कारकीर्द उभी राहू शकते.